नितळ पाण्यातील अदृश्य औषधे आणि प्रकाशाचे साहाय्य

पाणी नितळ दिसले की ते शुद्ध आहे, अशी समजूत लहान मुलांतच नव्हे, तर मोठ्या माणसांतही आढळते. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, दुर्गंधी नाकाला कळते, खारटपणा जिभेला जाणवतो. यांपैकी काहीच नसले की माणूस निश्चिंत होतो. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत ही गोष्ट शाळेने काही पिढ्यांना शिकविली. पाणी उकळून पिणे, विहिरीत टी. सी. एल. पावडर टाकणे या चांगल्या सवयी त्या शिकवणुकीतूनही रुजल्या. आता त्याच धड्याचे पुढील पान शिक्षकांनी उघडावयास हवे. जंतू नसलेल्या नितळ पाण्यातही माणसाने स्वतःच तयार केलेली काही द्रव्ये विरघळलेली असू शकतात. औषधे ही त्यांपैकी एक होत. ती पाण्यात कशी येतात, त्यांचे विघटन करण्यासाठी दृश्य प्रकाशाचा उपयोग कसा करता येईल, आणि या बाबतीत शाळा काय करू शकते, याचे विवेचन येथे केले आहे.

औषध पाण्यात कसे येते?

रोग्याने गोळी गिळली म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे. शरीर तिच्यातील काही भाग वापरते, काही भागाचे रूपांतर करते आणि उरलेला भाग मूत्र व मल यांवाटे बाहेर टाकते. तो गटारातून नाल्यात व नाल्यातून नदीत जातो. जनावरांना दिलेल्या औषधांचीही हीच गत होते. दुसरी वाट घरातील निष्काळजीपणाची. मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत ओतणे, अर्धवट राहिलेली बाटली उकिरड्यावर फेकणे हे प्रकार सर्रास घडतात. तिसरी वाट कारखान्यांच्या सांडपाण्याची असून एखाद्या ठिकाणी तीच सर्वांत मोठी ठरते.

हैदराबादनजीक पाटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करून सोडले जात होते. तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याची स्वीडनमधील संशोधकांनी तपासणी केली व तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जंतुनाशक औषध त्या पाण्यात प्रतिलिटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात जेवढे प्रमाण असते, त्याहूनही हे अधिक होते. अशा पाण्यात दुर्बल जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे तगतात आणि त्यांचीच पैदास वाढते. पुढे कोणा मुलाला त्या जंतूंची बाधा झाली, तर डॉक्टरांच्या हातातील औषध निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

अत्यल्प प्रमाणाचाही परिणाम होऊ शकतो. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ सालापासून तीन वर्षे संततिनियमनाच्या गोळ्यांत असणारे एक कृत्रिम संप्रेरक मुद्दाम मिसळण्यात आले. त्याचे प्रमाण प्रतिलिटर केवळ ५ ते ६ नॅनोग्रॅम होते. एक ग्रॅम पदार्थ सुमारे २० कोटी लिटर पाण्यात मिसळावा, तेव्हा एवढे प्रमाण येते. तरीही तेथील एका लहान जातीच्या माशांतील नरांची वाढ बिघडली व त्या तलावातून ती जात जवळजवळ नाहीशी झाली.

येथे एक सावधगिरी हवी. मुलांच्या मनात पाण्याविषयी भीती निर्माण करणे हा या माहितीचा हेतू नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली या विषयाचा आढावा घेतला. पिण्याच्या पाण्यात सामान्यतः सापडणाऱ्या औषधांच्या सूक्ष्म अंशांमुळे माणसाच्या प्रकृतीला अपाय होण्याचा संभव फारच थोडा आहे, असे तिचे मत पडले. पाण्यातून होणाऱ्या रोगांचे मुख्य कारण आजही जंतू हेच आहे. यास्तव उकळणे व क्लोरीन घालणे यांत खंड पडता कामा नये. चिंता आहे ती जलचरांची आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची.

नेहमीच्या शुद्धीकरणाची मर्यादा

तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, क्लोरीनने जंतू मरतात. सांडपाण्याच्या केंद्रात उपयुक्त जंतूंकडून घाण खाववून घेतली जाते. या सर्व रीती ज्या कामासाठी योजिल्या, ते काम त्या चोख करतात. विरघळलेल्या औषधाचे रेणू शोधून ते तोडणे हे त्यांचे कामच नव्हे. काही औषधे सांडपाण्यातील जंतू पचवितात. परंतु फेफऱ्यावर दिले जाणारे कार्बामॅझेपिन हे औषध अशा केंद्रातून जवळजवळ जसेच्या तसे पार होते.

यावर दोन उपाय आज प्रत्यक्ष वापरात आहेत. सक्रिय कोळसा औषधाचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो आणि ओझोन वायू त्यांचे तुकडे करतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ सालापासून अमलात असलेल्या नियमांनुसार निवडक सांडपाणी केंद्रांत या रीतींचा अवलंब होत आहे. परंतु कोळसा रेणू धरतो, नष्ट करीत नाही. भरलेल्या कोळशाची पुन्हा व्यवस्था लावावी लागते. ओझोन तयार करावयास सतत वीज लागते. यामुळे सूर्यप्रकाशाने हे काम जागच्या जागी करता येईल काय, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात आला.

उत्प्रेरक व प्रकाश-उत्प्रेरक

रासायनिक क्रिया घडवून आणण्यास किंवा तिचा वेग वाढविण्यास जो पदार्थ साहाय्य करतो, पण स्वतः खर्ची पडत नाही, त्यास उत्प्रेरक म्हणतात. लग्न जमविणारा मध्यस्थ दोन्ही घरे जोडून देतो आणि दुसरे लग्न जमवावयास पुन्हा मोकळा होतो, तसाच हा प्रकार. जो उत्प्रेरक प्रकाश पडल्यावरच कामास लागतो तो प्रकाश-उत्प्रेरक होय. हिरव्या पानातील हरितद्रव्य हे मुलांच्या परिचयाचे जवळचे उदाहरण आहे. फरक इतकाच की, पान प्रकाशाच्या बळावर अन्न रचते, तर येथे प्रकाशाच्या बळावर नको असलेले रेणू मोडावयाचे असतात.

हे कार्य कसे चालते ते समजण्यासाठी एका घराची कल्पना करावी. खाली तळमजला, वर माडी, आणि मध्ये जिना नाही. अर्धसंवाहक पदार्थातील इलेक्ट्रॉनांची स्थिती अशीच असते. ते तळमजल्यावर तरी असतात किंवा माडीवर तरी. अधांतरी राहू शकत नाहीत. तळमजला व माडी यांमधील ऊर्जेच्या अंतरास ऊर्जा-दरी म्हणता येईल. प्रकाश पुड्यांच्या रूपाने ऊर्जा देतो. एका पुडीत दरी ओलांडण्याइतकी ऊर्जा असेल, तर इलेक्ट्रॉन एका उडीत वर जातो. ती अपुरी असेल, तर तशा कितीही पुड्या आल्या तरी उपयोग होत नाही. दहा मुलांनी प्रत्येकी हातभर उडी मारली म्हणून त्यांतील एकही माडीवर पोहोचत नाही, हे मुलांना सहज पटते.

इलेक्ट्रॉन वर गेला की खाली त्याची जागा रिकामी होते. ही रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते व त्यातून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अत्यंत आक्रमक कण जन्मास येतो. माडीवरील इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उचलतो व त्यापासून दुसरा क्रियाशील कण तयार होतो. हे कण औषधाच्या रेणूवर तुटून पडतात, त्याचे तुकडे करतात, तुकड्यांचे आणखी लहान तुकडे करतात. क्रिया शेवटास गेली, तर कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधे क्षार एवढेच उरतात. उत्प्रेरक मात्र होता तसाच राहतो.

परंतु पुष्कळदा वर गेलेला इलेक्ट्रॉन कोणाच्याही हाती न लागता खालच्या रिकाम्या जागेत परत येऊन पडतो. मिळालेली ऊर्जा तेव्हा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ही परतफेड टाळणे हा या शास्त्रातील एक मोठाच प्रश्न आहे.

पांढऱ्या भुकटीपासून पिवळ्या भुकटीपर्यंत

या विषयाचा आरंभ बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडपासून सांगितला जातो. दारे-खिडक्यांना देण्याच्या पांढऱ्या तैलरंगात ही भुकटी असते. १९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी तिच्यावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते असे दाखविले. १९७७ साली अमेरिकेतील फ्रँक व बार्ड यांनी याच भुकटीच्या साहाय्याने पाण्यातील सायनाइड या विषाचा नाश करून दाखविला. ही भुकटी टिकाऊ, सहज मिळणारी व पाण्यात न विरघळणारी आहे. मात्र तिची ऊर्जा-दरी मोठी, म्हणजे सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. १२४० या संख्येस दरीच्या आकड्याने भागले की कोणत्या तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश उपयोगी पडेल ते नॅनोमीटरमध्ये मिळते. १२४० भागिले ३.२ म्हणजे सुमारे ३८७. डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुमारे ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंत असतो. म्हणजे ही भुकटी दृश्य प्रकाशास दाद देत नाही. तिला जंबुपार किरणच लागतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत हे किरण शंभरात सुमारे पाच इतकेच असतात, तर दृश्य प्रकाशाचा वाटा चाळीस ते पंचेचाळीस असतो. अंगणभर ऊन पडलेले असताना त्यातील मूठभरच वापरता यावे, अशी ही स्थिती आहे.

यास्तव दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकांचा शोध सुरू झाला. त्याचे तीन मार्ग सांगता येतील. पहिला मार्ग जुन्या भुकटीत दुसऱ्या मूलद्रव्याचा अंश मिसळण्याचा. २००१ साली जपानमधील संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजनचा अंश घातला, तेव्हा ते दृश्य प्रकाशातही काम करू लागले. दुसरा मार्ग लहान दरीचे नवे पदार्थ शोधण्याचा. बिस्मथ व्हॅनेडेट या पदार्थाची दरी सुमारे २.४ असल्यामुळे त्यास सुमारे ५१७ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चालतो. कार्बन नायट्राइडची दरी सुमारे २.७ आहे. दृश्य प्रकाशात ते पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करू शकते, हे २००९ साली प्रसिद्ध झाले व पुढे पाण्यातील औषधांवर त्याचे पुष्कळ प्रयोग झाले. शेतकऱ्यांच्या परिचयाचा युरिया भट्टीत खूप तापवूनही ते बनविता येते. तिसरा मार्ग दोन उत्प्रेरक एकमेकांस जोडण्याचा. एकातून सुटलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्यात जातो आणि परतफेडीचे प्रमाण घटते. हिरव्या पानातही प्रकाश इलेक्ट्रॉनाला दोन टप्प्यांत वर उचलतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

या पदार्थांचा रंगही बोलका असतो. टायटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाशातील काहीच शोषीत नाही, म्हणून ते पांढरे दिसते. कार्बन नायट्राइड व बिस्मथ व्हॅनेडेट जांभळ्या-निळ्या बाजूचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून ते पिवळे दिसतात. भुकटी पिवळी दिसणे म्हणजे ती दृश्य प्रकाशाचा काही भाग घेत असल्याची खूण होय. मात्र तिने घेतलेली ऊर्जा विघटनाच्या कामी लावलीच असेल, असे केवळ रंगावरून ठरविता येत नाही.

अडचणी कोणत्या?

येथवरचे वाचून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटेल. पण तसे नाही. दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या या उत्प्रेरकांचे कार्य अद्याप मुख्यतः प्रयोगशाळा व लहान प्रायोगिक संच यांपुरतेच आहे. त्याची कारणे समजून घेतल्यास विषय अधिक स्पष्ट होतो.

पहिली अडचण मूळ कल्पनेतच आहे. माडी ठेंगणी केली की चढणे सोपे जाते, पण ठेंगण्या माडीवरून पडलेल्या वस्तूचा आघातही हलका असतो. दरी लहान केली की अधिक प्रकाश वापरता येतो, परंतु रेणू तोडण्याची शक्ती घटते. दुसरी अडचण अंतराची. हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य क्षणाच्याही अत्यल्प अंशाइतके असल्याने तो दूर जाऊ शकत नाही; औषधाचा रेणू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाशी यावा लागतो. पृष्ठभाग वाढविण्यासाठी भुकटी बारीक करावी, तर ती पाण्यातून परत काढणे कठीण. काचेवर वा मण्यांवर घट्ट बसवावी, तर उघडा पृष्ठभाग कमी होतो. तिसरी अडचण खऱ्या पाण्याची. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पानांचा अर्क, बायकार्बोनेटसारखे क्षार व गाळ असतो. गाळ प्रकाश अडवितो आणि बाकीचे पदार्थ औषधासाठी निर्माण झालेले मूलक आपणच खाऊन टाकतात. शुद्ध पाण्यात यशस्वी झालेला प्रयोग म्हणूनच नाल्याच्या पाण्यात मंदावतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूळ औषध नाहीसे झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. क्रिया अर्ध्यावर राहिली तर मधले तुकडे उरतात व त्यांतील काही मूळ औषधाइतके किंवा त्याहूनही घातक असू शकतात. म्हणून औषध किती उरले एवढेच न पाहता पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हेही मोजावे लागते. अनेक प्रयोगांत औषधाऐवजी निळे रंगद्रव्य घालून त्याचा रंग उडतो की नाही ते पाहतात. पण रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषते. त्यामुळे रंग उडण्याचे सर्व श्रेय उत्प्रेरकास देता येत नाही.

या सर्व अडचणी ध्यानी घेता मोठ्या नदीपेक्षा रुग्णालय किंवा औषध कारखाना यांच्या सांडपाण्यावर, म्हणजे द्रव्य दाट असते तेथेच, अशी योजना करणे अधिक सयुक्तिक दिसते. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात आरशांनी सूर्यप्रकाश नळ्यांवर एकवटून पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग दीर्घकाळ चालले आहेत. घरगुती वापरासाठी अशी भुकटी पाण्यात टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो स्वीकारू नये.

वर्गात करावयाचा प्रयोग

सहावी-सातवीच्या वर्गात हा विषय हळदीच्या साहाय्याने उत्तम समजावता येतो. कपड्यावरील हळदीचा डाग उन्हात उडतो, हे प्रत्येक घरी ठाऊक असते. पांढऱ्या सुती कापडाच्या चार पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. एक पट्टी अंधाऱ्या पेटीत ठेवावी. दुसरी उघडी, तिसरी लाल जिलेटिन कागदाखाली व चौथी निळ्या जिलेटिन कागदाखाली उन्हात ठेवावी. दर तासाने निरीक्षण करून मुलांनी वहीत नोंद करावी. पेटीतील पट्टी पिवळीच राहते, उघडी लवकर फिकी पडते. लाल कागदाखालील पट्टी निळ्या कागदाखालील पट्टीच्या मागे राहील अशी अपेक्षा असते, कारण हळद निळ्या बाजूचाच प्रकाश शोषते. कागद पातळ असल्यास फरक कमी दिसेल. तसे झाल्यास जे दिसले तेच लिहावयास सांगावे.

या प्रयोगाचा अर्थ नीट सांगितला पाहिजे. येथे हळदीचे रंगद्रव्य स्वतःच प्रकाश शोषून मोडते, उत्प्रेरक नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध स्वच्छ तलावात उन्हाने असेच काही प्रमाणात मोडते. कार्बामॅझेपिनसारखी औषधे मात्र उन्हास सहजासहजी दाद देत नाहीत. उत्प्रेरकाची गरज तेथे लागते. औषधाच्या गोळ्या, रंगाची भुकटी किंवा तापविलेला युरिया यांचा उपयोग करून वर्गात कोणताही प्रयोग करू नये. युरिया तापविल्यास अपायकारक वायू निघतो.

शाळेचे कर्तव्य

पाण्यात मिसळलेले औषध वेगळे काढणे किती खर्चाचे व किती कष्टाचे आहे, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. ते पाण्यात जाऊ न देणे मात्र पुष्कळ अंशी प्रत्येकाच्या हाती आहे. शाळेच्या प्रथमोपचार पेटीची वर्षातून दोनदा तपासणी करावी. मुदत संपलेली औषधे मोरीत, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर न टाकता वेगळी ठेवावीत आणि आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सोपवावीत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये आरोग्य संस्थांना कालबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत वेगळी करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावावी लागते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जंतुनाशक औषध घेऊ नये, आणि सांगितलेला क्रम अर्ध्यावर सोडू नये, ही गोष्ट पालकसभेत आवर्जून मांडावी. उरलेल्या गोळ्या घरात साठण्याचे एक मोठे कारण त्यामुळे दूर होईल.

गिधाडांचे उदाहरण मुलांना सांगण्याजोगे आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाल्ल्याने गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. हे कारण २००४ साली उघड झाले व २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधाचा वापर बंद केला. तोपर्यंत आकाशातील थवे दिसेनासे झाले होते. तेथे औषध पाण्यावाटे गेले नव्हते, तरी बोध एकच आहे. औषध आपले काम संपवून नाहीसे होत नाही. ते पुढे कोठे तरी जाते.

‘हे पुढे कोठे जाते?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागणे हे या पाठाचे खरे फळ होय. मोरीत ओतलेल्या पाण्याविषयी, उकिरड्यावर फेकलेल्या बाटलीविषयी, शेतात फवारलेल्या औषधाविषयी मुलाने घरी हा प्रश्न विचारला व वडीलधाऱ्यांचा हात क्षणभर थांबला, तर शिक्षकाच्या श्रमाचे सार्थक झाले असे समजण्यास हरकत नाही.